सुईचे भय

१० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लोकांच्या भीतीला अज्ञान म्हणून हिणविण्यापेक्षा हे उत्तर खचित सभ्य होते. भीती सर्वस्वी निराधारही नव्हे; १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे एका बाटलीतील दूषित लशीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली. अशा आठवणी उपदेशाने पुसल्या जात नाहीत.

सुईचे भय मात्र निराळे. प्रस्तुत लेखकही त्या वेळी भिंतीकडेच पाहतो! ज्यांना घेरी येते त्यांनी परिचारिकेस आधीच सांगावे, आडवे पडून लस घ्यावी, नंतर पंधरा मिनिटे तेथेच थांबावे. त्यासाठी केंद्रावर एक बाकडे आणि शंकांना उत्तर देणारा एक माणूस हवा. लशीच्या खर्चात त्याचाही हिशेब धरला पाहिजे.