मान वळवणारा पहारेकरी

भाच्याने रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, वेबकॅम आणि दोन सर्वो मोटर जोडून दारावर चोरामागे मान वळवणारा कॅमेरा बसवलाय. आधीचं चित्र आताच्यातून वजा करायचं, फरक दिसेल तिकडे वळायचं, एवढीच त्याची अक्कल; स्वतःची मान हलली तरी जगच हललं असं वाटून गडबडतो. सध्या वाळत घातलेल्या परकरावर डोळ्यांत तेल घालून पहारा चालू आहे. हसू नका, न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या नर्सबाईंनी दाराच्या भोकांपुढे वर-खाली सरकणारा कॅमेरा योजून १९६९ मध्ये पेटंट मिळवलं होतं! मला विकतच्यापेक्षा हाच पसंत, चित्रण घरच्या कार्डावरच राहतं. मात्र समोरच्या काकूंच्या दारापर्यंत त्याची मान पोचता कामा नये. मोटरचा कोन मी आधीच बांधून घेतलाय, काकूंनी कितीही आग्रह केला तरी.