फिरत्या शटरचा वेग किती काटेकोर मोजावा?

डिसेंबरात १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो आणि वाशी-नेरुळची हौशी मंडळी अंधार शोधत वांगणीकडे निघतात. त्यांतल्या काहींना आता नुसती रेघ पुरत नाही, वेगही हवा असतो. त्यासाठी लेन्सपुढे फिरती पाती लावतात. ती ठरावीक अंतराने प्रकाश अडवतात, रेघ तुटक उमटते, आणि दोन तुटींमधला काळ ठाऊक असला की कोनीय वेग निघतो. ७ एप्रिल १९५९ ला चेकोस्लोव्हाकियात प्रिब्रामला पडलेल्या अशनीची कक्षा अशाच छायाचित्रांवरून काढली गेली.

मोजमापाचा आग्रह धरू नये, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. एकाच कॅमेऱ्यातून उल्केचे अंतर कळत नाही, म्हणून खरा वेगही कळत नाही. मग पात्यांचा वेग दशांशापर्यंत मोजून उपयोग काय? शिवाय व्हिडिओत प्रत्येक फ्रेमचा काळ आयताच मिळतो.

पण दुसरा कॅमेरा तीस-चाळीस किलोमीटरवर ठेवला की चित्र पालटते. या उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात. शटरच्या वेगात दोन टक्के चूक झाली, तर उत्तर ०.७ किलोमीटरने हुकते आणि कक्षा बिघडते.

मोटर कोणती, यावर बरेच ठरते. बॅटरीवरची साधी मोटर रात्र चढते तशी मंदावते. टेबलफॅनची मोटर व्होल्टेज आणि पात्यांवरचा हवेचा रोध यांच्या तालावर नाचते. सिंक्रोनस मोटर मात्र विजेच्या वारंवारतेला बांधलेली असते. आपल्या ग्रिडचा ठरवून दिलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ, म्हणजे चूक फार तर हजारात दोन. चार ध्रुवांची मोटर मिनिटाला १५०० फेरे घेईल, दोन पाती असतील तर सेकंदाला ५० तुटी. अर्थात माळरानावर प्लग कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच. बॅटरीवर चालवायचे तर पात्यांच्या एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोडायोड लावून स्पंद मोजावेत. टॅकोमीटर फेरे सांगतो, तुटी नव्हे. पात्यांच्या संख्येने गुणायचे राहिले, तर दोन पात्यांवर उल्केचा वेग निम्माच निघतो.

शहरवाल्यांसाठी एक जमेची बाजू. अर्धा वेळ बंद राहणारे शटर आकाशाचा उजेड निम्मा करते, उल्केचे उमटलेले तुकडे मात्र तितकेच ठळक राहतात. नवी मुंबईच्या पिवळट आकाशात हे थोडके नाही.

एकच कॅमेरा असेल, तर मोजमापाचा बाऊ करू नये. दोन असतील, तर प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतर वेग मोजून वहीत लिहावा.