पिकला तरी कडूच!

मंडळी, बाथरूममधली शॅम्पूची बाटली जरा हातात घ्या. 'हर्बल' वगैरे लिहिलेली असेल, तर आवळा, शिकेकाई आणि रिठा हे त्रिकूट लेबलवर बहुतेक सापडेलच. आता खरं सांगा, यातला रिठा झाडाला लटकलेला कधी पाहिलाय? मीही नव्हता पाहिला.

मग एका वीकेंडला नाशिकहून पेठचा रस्ता धरला. पन्नासेक किलोमीटरचं ड्राइव्ह, सावळघाटाची वळणं. घाट ओलांडल्यावर एका घरी चहाला थांबलो, तर अंगणात तपकिरी, सुरकुतलेली फळं वाळत पडलेली. मागच्या झाडावर मात्र हिरवे, पिवळे घोस. मी लगेच उत्साहात हिरवा घोस तोडायला निघालो. घरातल्या मावशींनी आतूनच आवाज दिला, "भाऊ, कच्चं हाय ते. पिशवीत बुरसंल. झाडावरच सुकू दे."

कच्च्या रिठ्याला फेस येत नाही, असा माझा समज झाला. तो साफ चुकीचा निघाला. फेस येतो! मग मावशी थांबायला का सांगत होत्या?

रिठ्याचा सगळा फेस सॅपोनिन नावाच्या द्रव्याचा. झाड आधी तेलासारखा एक रेणू बनवतं, त्यात फेरफार करत हेडेराजेनिन तयार करतं आणि मग त्याला साखरेच्या साखळ्या जोडतं. एक टोक तेलाला चिकटणारं, दुसरं पाण्याकडे ओढणारं. केसातलं तेल आणि बादलीतलं पाणी यांची मांडवली करणारा एकदम सॉलिड मध्यस्थ! 'सॅपिंडस' हे रिठ्याचं शास्त्रीय नावसुद्धा लॅटिनमधल्या 'भारतीय साबण' या शब्दांवरूनच आलंय.

झाड मात्र हे आपल्या केसांसाठी करत नाही. सॅपोनिन कडूजहर असतं. आतलं बी कोवळं असताना किडे आणि बुरशी यांना लांब ठेवायला ते कामी येतं. म्हणून हा माल बियांत नाही, बाहेरच्या गरात असतो.

फळ वाढतं तसं आतलं चित्र बदलत जातं. सुरुवातीला साल हिरवी, गर पाण्याने भरलेला, बी मऊ. नंतर हिरवा रंग ओसरतो, फळ पिवळं होतं, गर चिकट आणि अर्धपारदर्शक होतो. बियांत तेल साठतं, कवच काळं कुळकुळीत आणि दगडासारखं टणक होतं. शेवटी पाणी उडून जातं, साल सुरकुतते आणि बी आत खुळखुळायला लागतं. हा खुळखुळाच झाडाचा 'रेडी' सिग्नल.

गंमत म्हणजे लिची ही रिठ्याची सख्खी नातेवाईक, एकाच कुळातली. लिची पिकली की गोड होते, आंबटपणा सोडते. कारण कुणीतरी ती खावी, बी लांब न्यावं, ही तिची अपेक्षा. रिठा पिकतो, पण कडूपणा सोडत नाही. गरात साखर असते, तरी जिभेला कळतो तो कडवटपणाच.

आता मावशींचा फंडा लक्षात आला? कच्च्या फळात पाणी भरपूर, साखरही आहेच. असं फळ पिशवीत कोंडलं की बुरशीला आयती मेजवानी. झाडावर सुकलेला रिठा मात्र कोरड्या डब्यात वर्षभर टिकतो. म्हणजे वाट पाहण्याची किंमत फेसात नाही, टिकण्यात आहे.

पण ही वाट बघणं फुकट नसतं. हातात पैसे हवे असतील, तर माणूस झाडावरचं उतरवून मोकळा होतो. कच्चं फळ वजनाला जास्त भरतं, सुकल्यावर तेच हलकं होतं. मग सुकवायचं, निवडायचं, बिया फोडून काढायच्या. ही सगळी मेहनत अंगणात होते आणि आपण मॉलमध्ये तीच पावडर सुंदर पाकिटात बघून 'वॉव, नॅचरल' म्हणतो. पुढच्या वेळी असा माल थेट घेणार असाल, तर प्लीज, घासाघीस करू नका.

घरी करून बघायचंय? पाच-सहा सुके रिठे घ्या, बिया काढा, रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर उकळून गाळा. फेस कमी दिसला तर घाबरू नका. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, साबणासारखं अल्कली नसतं. म्हणूनच रेशमी आणि लोकरी कपड्यांना ते मानवतं. मात्र डोळ्यांत गेलं तर सणकून झोंबतं. पिऊ तर अजिबात नका. आणि हो, उरलेलं पाणी ओढ्यात किंवा फिश टँकमध्ये ओतू नका, सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर घाव घालतं. फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसच टिकेल, कारण भिजवलं की बुरशीची पार्टी पुन्हा सुरू!

मावशींकडून मी सुका रिठाच आणला. हिरवा घोस झाडावरच राहिला. तो सुकेल तेव्हा पुन्हा चहाला जायचं ठरलंय.