अफूची गोळी म्हणण्याआधी जमैकाचा नाताळ बघा

धर्माचा विषय निघाला की आमच्या पिढीतल्या पुरोगामी मित्रमंडळात एक मुद्दा हमखास येतो : गुलामांना गप्प बसवायला मालकांनी त्यांच्या हातात बायबल दिलं. कॅरिबियन बेटं त्याचा हक्काचा पुरावा. युरोपियन आले, उसाचे मळे लावले, आफ्रिकेतून माणसं धरून आणली, चर्च बांधलं. आणि त्या माणसांचे वंशज आजही दर डिसेंबरला त्याच चर्चमध्ये जाऊन मालकाच्या देवाचा वाढदिवस साजरा करतात. धर्म म्हणजे अफूची गोळी, विषय संपला.

मी स्वतः देव मानत नाही. तरीही हा युक्तिवाद मला आळशी वाटतो. आणि नुसता आळशी नाही, त्या माणसांना तुच्छ लेखणारा वाटतो.

त्यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करू. बार्बाडोसमधला कॉड्रिंग्टनचा मळा अँग्लिकन चर्चच्याच मिशनरी संस्थेच्या मालकीचा होता, गुलामांसकट. १७३२ मध्ये सेंट थॉमस बेटावर पोचलेल्या मोरेव्हियन मिशननेही पुढे गुलाम बाळगले. १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची खास आवृत्ती छापली गेली. इस्रायली लोक इजिप्तच्या गुलामीतून बाहेर पडतात, ती गोष्टच तिच्यातून गाळली होती.

पण मग मला सांगा, पुस्तक जर नुसतं झोप आणणारं होतं, तर त्यातून एवढं गाळावं का लागलं? त्यात काय दडलंय हे गाळणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. आणि ते गुलामांनाही समजलं.

जमैकातल्या बॅप्टिस्ट मंडळींची एक पद्धत होती. प्रत्येक सभासदाला एक तिकीट मिळायचं आणि सभासदांचे छोटे गट असायचे. प्रत्येक गटाला एक पुढारी असायचा आणि हा पुढारी बहुतेक वेळा स्वतःच गुलाम असायचा. मिशनरी मोजके, मळे लांब लांब, त्यामुळे रोजचा कारभार या पुढाऱ्यांच्याच हाती. कोण आजारी आहे, कोण आलं नाही, कोणावर विश्वास ठेवायचा, हे त्यांना माहीत असायचं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्या भाषेत सांगायचं तर हे मळ्यामळ्यांवर पसरलेलं नेटवर्क होतं आणि त्याचा सर्व्हर मालकाच्या घरात नव्हता.

मोंटेगो बे इथला सॅम्युएल शार्प याच नेटवर्कमधला. गुलाम, पण लिहिता-वाचता येणारा, चर्चमध्ये डीकन. गोऱ्यांना काळ्यांवर मालकी सांगण्याचा काहीही हक्क नाही, हा निष्कर्ष त्याने बायबल वाचूनच काढला. प्रार्थनासभा संपल्यावर तो विश्वासातल्या माणसांना थांबवून घ्यायचा आणि बायबलवर हात ठेवून शपथ द्यायचा : नाताळची सुट्टी संपली की मजुरी मिळाल्याशिवाय ऊस तोडायचा नाही. थोडक्यात, संप.

नाताळच का? कारण वर्षभर राबणाऱ्या गुलामांना सलग मोकळीक मिळायची ती त्याच दिवसांत. मळ्यामळ्यांवरून माणसं बाजाराला, नाचगाण्याला आणि प्रार्थनेला एकत्र यायची. आज रील्समध्ये 'कॅरिबियन ख्रिसमस' म्हणून रम केक, सोरेलचं लालभडक सरबत आणि जॉनकनूचे मुखवटे दिसतात. त्या सणाची हीसुद्धा एक बाजू आहे.

२७ डिसेंबर १८३१ च्या रात्री केन्सिंग्टनच्या मळ्यावर आग पेटली आणि संपाचं बंड झालं. जवळपास साठ हजार गुलाम त्यात सामील होते. चौदा गोरे मेले. दडपशाहीत दोनशेच्या आसपास गुलाम मारले गेले आणि नंतर तीनशेहून जास्त फासावर गेले. २३ मे १८३२ रोजी शार्पला फाशी झाली. गोऱ्या मळेवाल्यांच्या जमावांनी बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट प्रार्थनाघरं पाडली, जाळली. अफूच्या दुकानावर कोणी मालक असा हल्ला करतो का?

पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, ब्रिटिश संसदेने गुलामी रद्द करण्याचा कायदा केला. भरपाईचे दोन कोटी पौंड मालकांना मिळाले. गुलामांना एक पैही नाही. उलट १८३८ पर्यंत 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मळ्यांवर राबावं लागलं.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक खूश होतील : बघा, चर्चने गुलामी संपवली! तेही खोटं. विल्यम निबसारखा गुलामीचा कट्टर विरोधक झालेला मिशनरीसुद्धा त्या नाताळात गुलामांना सांगत होता की स्वातंत्र्य आल्याची अफवा खोटी आहे, शांत राहा. श्रेय इमारतीचं नाही, पाद्रीचंही नाही. श्रेय बाकांवर बसणाऱ्यांचं आहे. फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, म्हणून आपल्याला ती लढाई ठाऊक असते. तिच्या तीस वर्षं आधीची ही लढाई आपल्या वाचनात येतच नाही.

आता कोणी म्हणेल, मग संघटना पुरे होती, देव कशाला? प्रश्न रास्त आहे. पण ज्याला दुसरी कुठलीही सभा भरवायची मुभा नाही, त्याला हा प्रश्न एसीत बसून विचारू नये. त्याच्या हाताशी जे होतं, त्याचंच त्याने हत्यार केलं.

आणि ही फक्त जुनी गोष्ट नाही. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा वादळाने जमैकाचा पश्चिम भाग झोडपून काढला. १८३१ चं बंड पेटलं होतं ते याच भागात. घरांबरोबर चर्चचीही छपरं उडाली आणि दोन महिन्यांत नाताळ आला. अशा वेळी कुठली म्हातारी एकटी राहते, कोणाचं औषध संपलंय, हे कोणत्या ॲपला माहीत असतं? ते दर रविवारी शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला माहीत असतं.

त्या बाकावरच्या माणसाचा देव मला पटत नाही, आणि तो पटवून घ्यायची मला गरजही नाही. पण त्याला मानसिक गुलाम म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं : कामावर जायचं नाही असं उद्या ठरवायचं झालं, तर आपल्यापैकी किती जण एकमेकांच्या भरवशावर घरी थांबतील?