वडिलांचे घर, मुलाचा अर्ज : अनसिंग येथील घरकुल व घरजागेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, वाशिम.

विषय : लग्न झालेल्या मुलांचे कुटुंब घरकुलासाठी स्वतंत्र धरणे, गावठाण वाढवणे आणि घरजागेच्या परवानग्या अनसिंग येथे शिबिर घेऊन देणे याबाबत.

महोदय,

आम्ही अनसिंग, ता. जि. वाशिम येथील रहिवासी. या निवेदनाखाली सह्या करणाऱ्यांत पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा आहेत आणि मागच्या उन्हाळ्यात लग्न झालेली पोरेही आहेत. दोघांनी एकाच कागदावर सही करावी म्हणून गावात चार वेळा बसावे लागले, कारण घराचा विषय निघाला की आमच्याकडे बाप आणि लेक दोन बाजूंना जाऊन बसतात. म्हातारे म्हणतात, "आमी मातीच्या भिताडात संसार केला, तुमाले स्लॅबच कायले पायजे?" पोरे म्हणतात, "तुमाले जागा तरी होती, आमाले हाये कोठी?" चौथ्या बैठकीत आम्ही कागदपत्रे समोर ठेवली आणि एकेकाचा अर्ज कुठे अडला ते वाचले. तेव्हा लक्षात आले की भांडण घरात होत असले तरी त्याचे मूळ नोंदवहीत आहे. म्हणून हे निवेदन आपल्याकडे.

आमच्या मोठ्या माणसांनी घरे कशी बांधली हे आधी सांगणे भाग आहे. माती आपल्या वावरातली, लाकूड बांधावरच्या बाभळीचे किंवा निंबाचे, वर धाबे नाहीतर कवेलू, आणि हाताखाली भावकीतली माणसे. रोख पैसा लागायचा तो दारे-खिडक्या आणि लोखंडी सामानापुरता. जागा वडिलोपार्जित असायची, किंवा गावठाणात मोकळी पडलेली मिळायची. 1985 पासून इंदिरा आवास योजना आली आणि गरिबांतल्या काहींना पक्के घरकुल मिळाले. त्या योजनेत किमान जोते क्षेत्र 20 चौरस मीटर होते, म्हणजे साधारण 215 चौरस फूट. नवरा-बायको आणि दोन लहान लेकरे यांना तेवढे पुरले. पुढे ती लेकरे मोठी झाली, त्यांची लग्ने झाली आणि त्याच 215 फुटांत तीन चुली पेटू लागल्या. एक सून स्वयंपाकघरात निजते, एक सपरीत टिनाचा आडोसा करून, आणि म्हातारा-म्हातारी ओसरीवर. पावसाळ्यात ओसरीवर निजता येत नाही, तेव्हा म्हातारा मारुतीच्या पारावर जातो. हे चित्र एकाच घराचे नाही. आमच्यापैकी अनेक सह्या करणारे अशाच घरांतून आले आहेत.

आता अर्जाचे काय होते ते पाहावे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या नियमांनुसार कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. म्हणजे लग्न झालेला, वेगळी चूल असलेला मुलगा हे आपोआप वेगळे कुटुंब ठरते. प्रत्यक्षात मात्र पडताळणीला आलेला माणूस ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहतो, त्यावर वडिलांच्या नावे पक्के घर दिसते, आणि मुलाच्या नावापुढे 'अपात्र' लिहिले जाते. कधी वडिलांचा सातबारा आडवा येतो. पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू, अडीच एकर ओलीत, किंवा 50 हजार अथवा अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असेल तर कुटुंब योजनेतून वगळले जाते. हे निकष गरजूंना पुढे आणण्यासाठी आहेत आणि त्यांना आमचा विरोध नाही. पण सातबारा वडिलांच्या नावे, क्रेडिट कार्ड वडिलांच्या नावे, मुलाकडे मात्र दोन हात आणि मजुरी. हाच मुलगा घरबांधणीचे कर्ज मागायला बँकेत गेला की त्याला सांगतात, तुझ्या नावे काहीच नाही. अपात्र ठरवताना वडिलांची मालमत्ता त्याची धरली जाते आणि कर्ज देताना ती त्याची धरली जात नाही. आमच्या गावातल्या दोन पिढ्यांचे भांडण या एका वाक्यात मावते.

याचा परिणाम फार वाईट झाला आहे. पोरे वडिलांना म्हणू लागली आहेत की घर माझ्या नावे करा, वाटे-हिस्से करा, नाहीतर मला काही मिळणार नाही. म्हातारे घाबरतात. नाव काढले की आपल्याला बाहेर काढतील ही भीती सगळ्यांनाच असते असे नाही, पण ज्यांनी ते भोगले त्यांच्या गोष्टी गावाला ठाऊक आहेत. आणि मुलगी पाहायला गेले की समोरचे पहिला प्रश्न विचारतात, घर वेगळे आहे का? तिशी ओलांडलेली, निर्व्यसनी, कष्टाळू पोरे या एका प्रश्नावर अडून बसली आहेत. जी पुण्याकडे चाकण-हिंजवडीला गेली ती तिकडे एका खोलीत चौघे राहतात, पगारातला मोठा भाग भाड्यात घालतात, आणि दिवाळीला गावी आली की पाहुण्यासारखी ओसरीवर निजतात. त्यांना गावी परतायचे आहे. परतून निजायचे कुठे, याचे उत्तर आज आमच्याकडे नाही.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी. घरकुलासाठी झालेल्या आवास प्लस 2024 च्या सर्वेक्षणात अनसिंगमधील ज्या विवाहितांची नावे केवळ वडिलांच्या घरामुळे किंवा वडिलांच्या सातबाऱ्यामुळे वगळली गेली, त्या सर्वांची पुन्हा पडताळणी व्हावी. ती घरी येऊन, चूल पाहून, शेजाऱ्यांसमोर व्हावी. वेगळी शिधापत्रिका नाही म्हणून कुणाला परत पाठवू नये. शिधापत्रिका वेगळी करण्याचे अर्ज त्याच दिवशी गावातच घ्यावेत. विधवा आणि माहेरी परतलेल्या लेकींची कुटुंबेही याच नियमाने मोजावीत. त्यांचे नाव तर आज भावाच्याही यादीत नाही आणि बापाच्याही नाही. यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, आणि ज्याचे नाव निघेल त्याला कारण लेखी द्यावे.

दुसरी मागणी जागेची, आणि तिची किल्ली आपल्याच हातात आहे. घरकुल मंजूर झाले तरी जागा नसेल तर हप्ता सुटत नाही. यासाठी शासनाची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. 500 चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी 50 हजारांपर्यंत मिळायचे, आता 1 लाखापर्यंत मिळतात. योजना चांगली आहे. पण अनसिंगला गावठाणाला लागून जागा घ्यायची म्हणजे कुणाच्या तरी वावराचा कोपरा घ्यावा लागतो. आपल्या जिल्ह्यात जिरायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आहे. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. 500 फूट म्हणजे अर्धा गुंठाही नाही, म्हणून दुय्यम निबंधक दस्त घेत नाहीत. एक योजना म्हणते 500 फूट घ्या, दुसरा कायदा म्हणतो 20 गुंठ्यांच्या खाली घेऊ नका, आणि मधे उभा असलेला माणूस पाच-पाचशेच्या मुद्रांकावर कच्चा कागद करून घेतो. तो कागद ना कर्जाला चालतो, ना हप्त्याला.

या कोंडीवर शासनाने 2024 च्या मार्चमध्ये मार्ग काढला आहे. तुकडेबंदीच्या नियमांत दुरुस्ती करून विहीर आणि शेतरस्त्याबरोबरच ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी 1000 चौरस फुटांपर्यंतच्या हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांनी मंजुरी देण्याची सोय केली. 2025 मध्ये महसूल विभागाने तुकडेबंदीत आणखी सवलतीही जाहीर केल्या. शिवाय जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी वेगळ्या अकृषिक परवानगीची गरज उरलेली नाही. एवढे सगळे कागदावर असताना आमच्या गावात या नियमांची माहिती असलेले लोक बोटावर मोजण्याइतके आहेत. ज्यांना आहे ते मोजणी, नकाशा, अर्ज, मंजुरी यासाठी वाशिमला खेपा घालून मजुरी बुडवतात. आमची विनंती अशी की तहसील, भूमी अभिलेख आणि पंचायत समिती या तिघांचे कर्मचारी एकत्र बसवून अनसिंगला एक दिवसाचे शिबिर घ्यावे, 200 मीटरची हद्द नकाशावर आखून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी, आणि 1000 फुटांच्या मंजुरीचे अर्ज तिथेच स्वीकारून 30 दिवसांत निकाली काढावेत.

गावठाण वाढवण्याचा प्रस्तावही आपण महसूल संहितेच्या कलम 122 खाली हाती घ्यावा. गाव वाशिम–पुसद रस्त्यावर आहे, आठवडी बाजाराचे आहे, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे इथे येऊन राहतात. गावठाण मात्र जुनेच आहे. रस्त्यालगतची जागा प्लॉटवाल्यांनी धरली आणि तिथले भाव सोयाबीन पिकवणाऱ्या माणसाच्या आवाक्यात राहिले नाहीत. यंदाच्या अतिवृष्टीने तर सोयाबीनही हातचे गेले.

ई-क्लास, म्हणजे गावच्या शासकीय जमिनीबद्दल आम्ही स्पष्ट लिहितो. चराईचे रान आम्ही मागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी गायरानाबद्दल दिलेला निर्णय आम्हाला मान्य आहे, आणि आमची गुरेही तिथेच चरतात. पण जी शासकीय जमीन चराईची नाही, तिच्यावरच्या राहत्या घरांबाबत 16 फेब्रुवारी 2018 चा शासन निर्णय आहे. 1 जानेवारी 2011 पूर्वीचे निवासी अतिक्रमण त्याने नियमित होऊ शकते. इथेही पिढीच्याच रेषेने माणसे तुटली आहेत. बापाची झोपडी 2011 च्या आधीची, म्हणून ती नियमानुकूल. त्याच झोपडीला टेकून मुलाने नंतर घातलेली टिनाची खोली बेकायदा. आमची मागणी एवढीच की जुन्या नोंदी असलेल्या घरांची प्रकरणे पूर्ण करताना त्यांच्या आधाराने राहणाऱ्या मुलाचे पुनर्वसन वाढीव गावठाणात आधी व्हावे, मग ती खोली काढावी.

पैशाचा विषय आपल्या अधिकारात नाही, तरी शासनापर्यंत आपल्या शिफारशीने पोहोचावा म्हणून हिशोब देतो. 2016 ला योजना आली तेव्हा सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार ठरले. मूळ रक्कम अजून तीच आहे. शौचालयाचे 12 हजार, रोजगार हमीच्या 90 दिवसांची मजुरी 2025-26 च्या दराने, दिवसाला 312 रुपयांप्रमाणे, 28 हजार 80, आणि राज्याने 2025 मध्ये बांधकामासाठी वाढवलेले 35 हजार धरले तर सगळे मिळून 1 लाख 95 हजार 80 होतात. किमान घर 25 चौरस मीटरचे, म्हणजे 269 फूट. फुटाला 725 रुपये पडतात. या दरात रेती, गिट्टी, लोहा, सिमेंट आणि मिस्त्री बसवून दाखवावेत, आम्ही त्या अभियंत्याच्या देखरेखीखाली आनंदाने काम करू. तोवर प्रत्येक घरकुलामागे सावकाराचे किंवा बचत गटाचे कर्ज उभे राहते, आणि ते फेडतो तोच तरुण ज्याला फुकट घर मिळाले असे लोक म्हणतात.

शेवटची मागणी आमच्या वडीलधाऱ्यांनी स्वतः घातली आहे आणि तरुणांनी ती मान्य केली आहे. स्वामित्व योजनेच्या मिळकत पत्रिकेवर मुलांची नावे लावायला म्हातारे तयार आहेत. त्यात सुनेचे नावही मुलाबरोबर यावे असे आमच्या आयाबायांचे म्हणणे आहे. पण नाव लावताना आई-वडिलांचा हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क आणि त्यांच्या सांभाळाची अट दस्तात लिहिली जावी, आणि त्याचा नमुना ग्रामपंचायतीत ठेवावा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळू शकते. दस्तात ती अटच नसेल तर मालमत्ता परत मिळवणे म्हाताऱ्याला अवघड जाते. उपविभागीय अधिकाऱ्यांनी शिबिराच्या दिवशी एक तास यासाठी द्यावा. हे कलम बापाला कळले तर तो सही करायला घाबरणार नाही, आणि लेकाला कळले तर तो घाई करणार नाही.

वाशिम 2018 पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत मोजले जाते. त्या यादीचा उपयोग आमच्या दारापर्यंत यावा.

शिबिराची तारीख ठरवताना ती आठवडी बाजाराचा दिवस सोडून, सोयाबीनची मळणी आटोपल्यावर ठेवावी आणि किमान आठ दिवस आधी दवंडी द्यावी, म्हणजे पुण्याकडची पोरे रजा काढून येऊ शकतील. निवेदनासोबत सह्यांची यादी आणि अपात्र ठरलेल्या अर्जांच्या प्रती जोडल्या आहेत. आपले उत्तर लेखी मिळावे, ते आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवू.

आपले नम्र,
समस्त ग्रामस्थ, अनसिंग
ता. जि. वाशिम

प्रतिलिपी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, वाशिम
मा. उपविभागीय अधिकारी, वाशिम
मा. तहसीलदार, वाशिम
मा. गट विकास अधिकारी, पंचायत समिती, वाशिम
सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, अनसिंग