सरासरीत न दिसणारे तरुण मृत्यू

अमेरिकेचं सरासरी आयुर्मान २०२१ मध्ये ७६.४ वर्षांपर्यंत घसरलं होतं. २०२३ मध्ये ते ७८.४ वर आलं आणि देश सावरल्याच्या बातम्या झळकल्या. या स्तंभाचा विषयच आरोग्याची आकडेवारी, त्यामुळे सरासरीशी माझं रोजचं काम. तरीही या एका आकड्यावर समाधान मानणं मला मान्य नाही. श्रीमंत देशांत बहुतेक मृत्यू म्हातारपणी होतात. पंचवीस ते चव्वेचाळीस या वयातले मृत्यू एकूण बेरजेत इतके थोडे असतात की ते वाढत असतानाही सरासरी सुधारू शकते. ज्या वयात माणूस घर चालवतो, लेकरं वाढवतो, आईवडिलांचा आधार होतो, नेमकं तेच वय या आकड्याआड झाकलं जातं.

त्या वयाचा आकडा वेगळा काढून पाहा. अमेरिकेत २०११च्या आधी या वयातला मृत्युदर ज्या गतीने उतरत होता तसाच उतरत राहिला असता, तर २०२३ मध्ये तो जिथे असता त्याहून प्रत्यक्षात सत्तर टक्के जास्त होता. करोनाची लाट ओसरल्यानंतरची ही गोष्ट आहे. म्हणजे करोनाने भर घातली, पण दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं.

आणि हे घडायला नको होतं. १९९४-९५ मध्ये अमेरिकेत याच वयोगटाचा सर्वांत मोठा मारेकरी एड्स होता. १९९६ पासून औषधांची एकत्रित उपचारपद्धती आली आणि ते मृत्यू झपाट्याने खाली आले. मोटारी अधिक सुरक्षित झाल्या, अपघातानंतरचे उपचार सुधारले. जपान, स्पेन, नेदरलँड्स, स्वीडन इथे तरुणांचे मृत्यू दशकानुदशकं कमी होत गेले. श्रीमंत देशात तरणाताठा माणूस मरणं ही उत्तरोत्तर दुर्मीळ होत जाणारी घटना होती. अमेरिका त्याच वाटेवर होती, आणि २०१० नंतर ती उलटी फिरली.

उलटी का फिरली, याची सुरुवात एका पत्रापासून करावी लागते. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आहे, एवढंच त्यात होतं. हे रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते. घरी जाऊन महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हतं. पण पुढे सहाशेहून अधिक लेखांनी त्याचा हवाला दिला, आणि बहुतेकांनी तो ‘व्यसनाचा धोका नगण्य’ याचा पुरावा म्हणून दिला. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गीय वेदनाशामक बाजारात आणलं. कंबरदुखी, सांधेदुखी, जुनाट दुखणी यांसाठी ते लिहून द्या, व्यसनाचा धोका एक टक्क्याहून कमी आहे, असं तिचे विक्री प्रतिनिधी डॉक्टरांना सांगत राहिले.

त्या गोळ्या किती आणि कुठे गेल्या, हे वेस्ट व्हर्जिनियातल्या एरिक आयर या पत्रकाराने कागदपत्रं मिळवून दाखवलं. २०१७ मध्ये त्याला त्यासाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं. सहा वर्षांत घाऊक औषध वितरकांनी त्या एका राज्यात हायड्रोकोडोन आणि ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकांच्या ७८ कोटी गोळ्या पाठवल्या. राज्याची लोकसंख्या जेमतेम अठरा लाख. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी चारशेहून जास्त गोळ्या झाल्या. केर्मिट नावाच्या चारेकशे वस्तीच्या खाणगावातल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत जवळपास नव्वद लाख गोळ्या उतरल्या. ट्रक येत होते, बिलं फाडली जात होती, संशयास्पद मागणी कळवण्याचा कायदा अस्तित्वात होता. त्याच सहा वर्षांत या दोन औषधांच्या अतिसेवनाने त्या राज्यात १,७२८ माणसं मेली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच, की हा चोरटा व्यापार नव्हता. प्रत्येक खोक्यावर पावती होती.

२०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिनची गोळी सहज कुटता येणार नाही अशी बदलली गेली. तोवर शरीर गुलाम झालेली माणसं हेरॉइनकडे वळली. २०१३च्या सुमारास हेरॉइनच्या जागी फेंटानिल हे कृत्रिम अफूवर्गीय औषध येऊ लागलं. ते हेरॉइनच्या सुमारे पन्नास पट जहाल. दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे दहा-पंधरा दाणे, जीव घ्यायला पुरतात. मेंदू श्वास घेण्याचा हुकूम द्यायचा थांबतो आणि माणूस झोपेतच जातो. २०१९ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने अमेरिकेत सुमारे ७० हजार माणसं गेली, २०२२ मध्ये जवळपास एक लाख आठ हजार. पर्ड्यूने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये गुन्हा कबूल केला. दंड झाले. कंपनीच्या मालक कुटुंबातलं कुणी तुरुंगात गेलं नाही.

ॲन केस आणि नोबेलविजेते अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञ दांपत्याने २०१५ मध्ये मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचे वाढते मृत्यू जगासमोर मांडले. ‘निराशेतून आलेले मृत्यू’ ही त्यांची मांडणी जगभर रुजली. कारखाने बंद पडले, कामाची प्रतिष्ठा गेली, कुटुंबं मोडली, माणसं दारू, नशा आणि आत्महत्येकडे वळली. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण हे निदान अपुरं वाटतं. २०१३ मध्ये स्पेनमध्ये निम्म्याहून अधिक कामेच्छू तरुण बेकार होते. ग्रीसमध्ये त्याहून वाईट स्थिती होती. निराशाच मारत असती तर माद्रिद आणि अथेन्समध्ये अशीच रांग लागायला हवी होती. स्पेनमधल्या मृत्युदराची घसरण मात्र सुरूच राहिली. अमेरिकेत अतिसेवनाचा मृत्युदर आज सर्वांत जास्त आहे तो मूळनिवासी समाजात, ज्यांच्या वाट्याला आलेली हलाखी २०१० मध्ये सुरू झालेली नाही. निराशा सगळीकडे असते. ती कुठे मारते हे ठरतं घराशेजारच्या दुकानात काय मिळतं यावरून. दोष निराशेच्या माथी मारला की विकणारा सुटतो.

शिवाय अमेरिकेतल्या वाढीव तरुण मृत्यूंपैकी नशेचा वाटा साधारण तिसरा हिस्सा आहे. उरलेल्यांत रस्ता आहे, बंदूक आहे, दारू आहे, मधुमेह आणि हृदयविकारही आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये दर लाख लोकांमागे सुमारे तेरा जण रस्त्यावर मेले, स्वीडनमध्ये दोनच्या आसपास. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्येच ठरवलं की रस्त्यावरचा एकही मृत्यू अपरिहार्य मानायचा नाही, आणि त्या हिशेबाने चौक आणि वेगमर्यादा बदलल्या. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० बळी घेतले. त्यात निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. बंदूक हाताशी असली की दहांतले आठ-नऊ प्रयत्न जिवावर बेततात. इतर साधनांत वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात.

‘मोफत सरकारी आरोग्यसेवा असती तर हे झालं नसतं’ असं म्हणण्याचा मोह होतो. स्कॉटलंड त्याला उत्तर आहे. तिथे आरोग्यसेवा मोफत आहे, तरी २०२० मध्ये पंचावन्न लाखांच्या त्या देशात १,३३९ माणसं नशेने मेली. हा दर युरोपात सर्वांत जास्त. गरीब वस्त्यांतलं प्रमाण सुखवस्तू वस्त्यांच्या दहा पटींहून अधिक. देखरेखीखाली सुई टोचता येईल असं पहिलं अधिकृत केंद्र ग्लासगोत उघडायला जानेवारी २०२५ उजाडला. आणखी वेगळं दुखणं दक्षिण कोरियाचं. तिथे दहा ते चाळीस या वयातला मृत्यूचा पहिला क्रमांक आत्महत्येचा आहे.

२०२४ मध्ये अमेरिकेतले अतिसेवनाचे मृत्यू सुमारे ८० हजारांवर उतरले. नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा २०२३ पासून तिथे चिठ्ठीशिवाय मिळतो. तो अफूवर्गीय औषधाला मेंदूतल्या जागेवरून हटवतो आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. व्यसनमुक्तीसाठी दिलं जाणारं ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरांना लागणारी खास परवानगी रद्द झाली. या घटीचा आनंद मला मनापासून आहे. पण २०२४चा हा आकडाही २०१९ पेक्षा जास्तच होता, आणि २०१९ हे साल तेव्हा संकटाचंच मानलं जात होतं.

मुलं तिकडे शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांना बंदुकीची भीती असते. ती रास्तच आहे. पण फेंटानिल मिसळलेल्या बनावट गोळ्यांची माहिती मला फार थोड्या घरांत आढळते. परीक्षेच्या दिवसांत जागं राहायला विद्यार्थी ॲडरॉल शोधतात, झोपेसाठी झॅनॅक्स. समाजमाध्यमांवरून मिळणारी गोळी हुबेहूब खऱ्यासारखी दिसते. अमेरिकेच्या अमली पदार्थ प्रतिबंधक यंत्रणेने २०२३ मध्ये तपासलेल्या बनावट फेंटानिल गोळ्यांपैकी दर दहांत सातांमध्ये जीवघेणी मात्रा होती. दुकानातून स्वतःच्या नावाने न घेतलेली एकही गोळी तोंडात टाकायची नाही, हे व्हिसाच्या कागदांइतक्याच गांभीर्याने मुलांना सांगा.

आपला संबंध एवढ्यावर संपत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या पत्रकारांनी छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं, की मुंबईतली एक कंपनी टॅपेन्टाडॉल हे अफूवर्गीय औषध आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारं औषध यांची एकत्र गोळी बनवून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर तरुण पोरं ती खात होती. या मिश्रणाला जगात कुठेही औषध म्हणून मान्यता नाही. बातमीनंतर कारखान्यावर छापा पडला, साठा जप्त झाला आणि केंद्राने या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. केर्मिटच्या ट्रकांप्रमाणे याही खोक्यांना कागदपत्रं होती. निर्यातीच्या ना-हरकत पत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने हे औषध कुठल्या रोगाला देतात, एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता. तो का विचारला गेला नाही, याची चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल महाराष्ट्राच्या विधिमंडळात मांडला जावा, अशी माझी मागणी आहे.