आरंभींचें मूल्य

संगणकाची जावा भाषा शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्या पाहतांना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानांत येते. प्रोग्राम चालला, उत्तर आलें, म्हणजे काम झालें, असा त्यांचा समज असतो. परंतु तें उत्तर खरें कीं खोटें, हें पुष्कळदां अगदीं आरंभींच ठरून गेलेलें असतें. त्या आरंभाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जावा भाषा सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीनें १९९५ सालीं जगापुढें ठेविली. तींत क्लास हा नमुना असून त्यावरून ऑब्जेक्ट घडतो. घडतांना जो भाग चालतो, त्यास कन्स्ट्रक्टर म्हणतात. आपण एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाहीं, तर कंपायलर स्वतःच एक रिकामा पुरवितो; आणि ज्या फील्डांस आपण मूल्य दिलें नाहीं, त्यांपैकीं संख्येच्या फील्डांत ० व ऑब्जेक्टाच्या फील्डांत ‘नल’ राहतें.

ही व्यवस्था दयाळू दिसते. सी भाषेंत मूल्य न दिलेल्या स्थानिक व्हेरिएबलांत वाटेल तें सांपडतें. त्या मानानें ही सुधारणा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु विद्यार्थ्याचा क्लास लिहिला, नांव भरलें आणि गुण भरावयाचे राहिले, तर गुणपत्रकांत ० उमटतें. हें शून्य मिळालेलें, कीं परीक्षेस न बसल्याचें, कीं केवळ लिहिणाराच्या विसराळूपणाचें? शून्य मुकें असतें; तें सांगत नाहीं.

कन्स्ट्रक्टर लिहूनही ही चूक होते. बाहेरून आलेलें मूल्य व फील्ड ह्या दोहोंचें नांव ‘गुण’ असतां ‘गुण = गुण’ असें लिहिलें, तर आलेलें मूल्य स्वतःसच दिलें जातें व फील्डांत शून्यच राहतें. फील्डाच्या नांवाआधीं ‘धिस’ हवें होतें. ७२ गुण मिळविणारा मुलगा नापास ठरतो, आणि कंपायलर त्यास चूक म्हणत नाहीं!

स्थानिक व्हेरिएबलांविषयीं मात्र तोच कंपायलर कठोर आहे. मूल्य दिल्यावांचून तीं वापरूं लागलें, कीं तो प्रोग्रामच अडवितो. मुलांना हा जाच वाटतो. आमच्या मतें हीच खरी मैत्री होय.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. ज्यावांचून ऑब्जेक्ट अपुरा, तें सर्व कन्स्ट्रक्टरनें मागून घ्यावें. असा कन्स्ट्रक्टर लिहिला, कीं कंपायलर रिकामा पुरवीत नाहीं, व कांहींच न देतां ऑब्जेक्ट घडविण्याची वाट बंद होते. जें पुढें बदलावयाचें नाहीं, तें ‘फायनल’ करावें. मग तें भरावयाचें राहिलें, किंवा वरील चूक झाली, तर कंपायलरच हटकतो. ह्यांत चार ओळी अधिक लिहाव्या लागतात खऱ्या. परंतु ज्या शून्यावर एखाद्या मुलाचें वर्ष अवलंबून असतें, तें विचारपूर्वक लिहिलेलें आहे, आपोआप पडलेलें नाहीं, एवढी खात्री त्या चार ओळींनीं होते.